थंडीत गाडीवर डोळ्यांतून पाणी येतं? मला हे लागू पडलं

डिसेंबर-जानेवारीत यावल-रावेरकडे पहाटे पारा कधी कधी 10 अंशांखाली उतरतो. त्या गारठ्यात मोटारसायकलवर केळीच्या बागेत जाताना दोन्ही डोळ्यांतून धारा लागायच्या, समोरच्या ट्रॅक्टरचा दिवा फाटून दिसायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं: कोरड्या गार वाऱ्याने डोळ्यावरचा ओलावा उडतो, डोळा झोंबतो, मग अश्रुग्रंथी एकदम जास्त पाणी सोडते. नाकात उतरणाऱ्या बारीक नळीला तेवढं पाणी ओढणं जमत नाही, ते गालावर येतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो बाजूंनी बंद असलेल्या पांढऱ्या काचेच्या गॉगलने. साध्या चष्म्याच्या कडेने वारा घुसतोच. रुमाल नाकाखालून सैल बांधा, नाहीतर श्वासाची वाफ वर जाऊन काच धुरकटते. निघण्याआधी डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब टाकतो. रात्री कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या पापण्यांवर ठेवतो. कडेच्या तेलग्रंथी मोकळ्या होतात. शेकोटीला बसताना धुराच्या दिशेला तर अजिबात नाही.

एकाच डोळ्यातून सतत पाणी, दुखणं, चिपडं किंवा अंधुक दिसणं असेल तर मात्र घरी काही करत बसू नका, लगेच दाखवून या.