जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा पार्ट घ्यायला जाताय?
ठाणे स्टेशनकडच्या दुकानात जाऊन नुसतं "जुन्या युरोक्लीनचा पाइप द्या" म्हणून काही होत नाही, आधी प्लग काढा, मशीन उलटं करा आणि खालची प्लेट फडक्याने पुसून फोटो काढा, मॉडेल नंबर, व्होल्टेज, वॅट बहुतेक तिथेच असतं. पाइपचं तोंड आतून-बाहेरून मोजा, 32 आणि 35 मिमी डोळ्याला सारखेच वाटतात पण एकमेकांत बसत नाहीत. कार्बन ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा छोटा तुकडा) लांबी झिजलेली असते, ती सोडा, रुंदी आणि जाडी धरा. तुटका पार्ट सोबत न्याच, दुकानदार फोटोपेक्षा त्यालाच मानतो. आणि हो, कुणी अमेरिकेहून आणलेलं मशीन 120 व्होल्टचं असेल तर आपल्या 230 वर डायरेक्ट लावू नका, मोटर जळेल.