युद्धोत्तर ब्रिटनच्या निवडणुकांचा तक्ता कसा वाचायचा (१९४५ ते १९७९)

तक्ता समोर आला की नजर आधी मतांच्या टक्केवारीवर जाते. ती आवरा आणि कॉमन्स सभागृहात (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) तेव्हा एकूण जागा किती होत्या ते बघा. १९४५ साली ६४०, १९५० आणि १९५१ ला ६२५, १९५५ ते १९७० दरम्यान ६३०, १९७४ च्या दोन्ही निवडणुकांत आणि १९७९ मध्ये ६३५.

बहुमत काढायची रीत सोपी: जिंकलेल्या जागांची दुप्पट करा, त्यातून एकूण जागा वजा करा. १९५० मध्ये ॲटलींच्या मजूर पक्षाला ३१५ जागा, म्हणजे ६३० वजा ६२५, बहुमत अवघं ५. १९६६ च्या विल्सन यांच्या मजूर सरकारचं बहुमत मात्र कुठे ९६, कुठे ९८ छापलेलं दिसतं. सभापती झाल्यावर पक्ष सोडावा लागतो, आणि तेव्हाचे सभापती होरेस किंग मूळचे मजूर पक्षाचे; त्यांना धरलं तर ३६४ जागा, वगळलं तर ३६३. कुठलीही पद्धत घ्या, पण सगळ्या वर्षांना तीच लावा.

आता पक्षांची नावं. हुजूर पक्षाच्या रकान्यात १९७० पर्यंत उत्तर आयर्लंडचे अल्स्टर युनियनिस्टही (तो भाग ब्रिटनसोबतच राहावा म्हणणारा पक्ष) मोजलेले असतात. उत्तर आयर्लंडमधल्या सत्तावाटपाच्या सनिंगडेल करारावरून त्यांचं हुजूर पक्षाशी बिनसलं आणि फेब्रुवारी १९७४ पासून त्यांचा रकाना वेगळा झाला. तेव्हा मजूर पक्षाला ३०१, हुजूर पक्षाला २९७ (सभापती धरून), अल्स्टर युनियनिस्टांना ७. जुन्या हिशेबाने हुजूर पक्षाचे नेते हीथ ३०४ वर, म्हणजे पुढे असते. १९७० ची या निकालाशी तुलना करायची तर युनियनिस्टांना दोन्हीकडे घ्या, नाहीतर दोन्हीकडून काढा.

मतांचा रकाना सगळ्यात फसवा. १९५१ मध्ये मजूर पक्षाला ४८.८ टक्के मतं आणि २९५ जागा, हुजूर पक्ष आणि मित्रांना ४८.० टक्के आणि ३२१ जागा. चर्चिल पंतप्रधान झाले. ‘जास्त मतं मिळूनही हरले’ एवढ्यावर थांबू नका. उत्तर आयर्लंडमध्ये चार युनियनिस्ट बिनविरोध निवडून आले, तिथली मतं मोजलीच गेली नाहीत. उदारमतवाद्यांनी (लिबरल पक्षाने) १९५० मध्ये ४७५ उमेदवार दिले होते, १९५१ मध्ये फक्त १०९. उरलेल्या ठिकाणी त्यांच्या मतदारांना दुसरा पक्ष शोधावा लागला. शिवाय मजूर पक्षाचे बालेकिल्ले प्रचंड मताधिक्याचे, आणि जिंकण्यापुरत्या मतांच्या वर पडलेलं मत जागा वाढवत नाही. १९४५ ची एकूण मतं तर पुढच्या आकड्यांशेजारी थेट ठेवूच नयेत: तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते आणि तिथल्या मतदाराला दोन मतं असत. ते मतदारसंघ आणि विद्यापीठांच्या जागा १९५० पासून गेल्या.

शेवटी ‘स्विंग’. एका पक्षाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांची सरासरी. १९६६ ते १९७० मध्ये हुजूर पक्ष ४१.९ वरून ४६.४ (वाढ ४.५), मजूर पक्ष ४८.० वरून ४३.१ (घट ४.९), स्विंग ४.७, हुजूर पक्षाकडे. दोनच पक्षांत लढत असली की हे छान चालतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये हुजूर पक्ष ८.५ टक्क्यांनी घसरून ३७.९ वर आला, मजूर पक्ष ५.९ ने घसरून ३७.२ वर. सूत्र सांगतं: १.३ टक्के स्विंग मजूर पक्षाकडे! प्रत्यक्षात दोघांनाही मतदारांनी झोडपलं होतं, उदारमतवादी १९.३ टक्क्यांवर पोचले, आणि जागा मिळाल्या १४. म्हणून स्विंगसोबत तिसऱ्या पक्षाचा आकडा नेहमी लिहा. त्याच निवडणुकीत मतदारसंघांची फेररचनाही झाली होती, त्यामुळे एकेका मतदारसंघाचा स्विंग १९७० च्या निकालावरून काढू नका. ऑक्टोबर १९७४ चा फेब्रुवारीवरून बिनधास्त काढा.

निकालाच्या रात्रीचं बहुमत कार्यकाळाच्या मधल्या वर्षांना लावू नका. ऑक्टोबर १९७४ मध्ये मजूर पक्षाचं ते ३ होतं. पोटनिवडणुका आणि पक्षत्यागांत ते विरलं, मार्च १९७७ मध्ये उदारमतवाद्यांशी करार करावा लागला, आणि २८ मार्च १९७९ ला मजूर पक्षाचं कॅलाहन सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं.