खंडेनवमी झाली, दुचाकीच्या ट्रॉलीला रंग देण्याचे हेच दिवस

खंडेनवमीला ट्रॉली धुतली, झेंडूचा हार घातला, लिंबू ठेवलं. हळदी-कुंकू लावताना पत्र्यावरचे गंजाचे फोडही दिसले असतील. भात कापणीला यायच्या आत, रताळ्याच्या दोन खेपांच्या मधे जे तीन-चार दिवस मिळतील ते धरून ठेवा आणि स्प्रेच्या डब्याने, ब्रशने रंगाचं काम घरीच उरकून घ्या. एकदा सुगी लागली, निपाणी-चिकोडीकडे उसाला तोड आली, की ट्रॉली रिकामी सापडत नाही.

“रंगवून काय करायचं गा, उद्या परत चिखलातच जाणार की,” असं आमच्या शेजारचे तात्या म्हणतात. पण १६ गेजचा पत्रा म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर. गंज त्याला दोन्ही बाजूंनी खातो. बूड खाल्लं गेलं की रंगाच्या डब्यांचा खर्च नव्या पत्र्याच्या आणि वेल्डिंगच्या खर्चावर जातो. चिखलात जाणारी ट्रॉलीच आधी रंगवली पाहिजे.

बेळगाव जिल्ह्यात सगळीकडे एकच मुहूर्त चालत नाही. अथणी-रायबागकडे हवा लवकर कोरडी होते, तिथं दसऱ्यानंतर लगेच सुरुवात करता येते. त्रास असतो तो धुळीचा, म्हणून आदल्या दिवशी अंगणात पाणी मारून ठेवा. बेळगाव-हुक्केरी पट्ट्यात परतीच्या पावसाची दुपारची सर येऊन जाते. दोन दिवस सलग ऊन पडल्याशिवाय तिथं डबा उघडू नका. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला मात्र दिवाळी होऊ द्या. त्या भागात भिंतीची ओलसुद्धा लवकर हटत नाही, पत्र्याची कशी हटेल?

आता मुख्य गोष्ट. घरी मारलेला रंग सोलला की आपण डब्याला आणि दुकानदाराला दोष देतो. बहुतेक वेळा दोष रंगाखाली असतो. दोन वर्षांपूर्वी मी ट्रॉली वरवर धुऊन, घासून पिवळा रंग मारला. दोन महिन्यांत मागच्या फाळक्यावर हरभऱ्याएवढे फोड उठले. एक फोड नखाने उचलला, तर आतून पाण्याचा थेंब आला. तो थेंब उन्हात वाळला आणि तिथं पांढरा क्षार राहिला. त्याच्याभोवती पत्रा तांबडालाल. खताची पोती मी त्याच फाळक्याला टेकवून आणत होतो.

आपण पोटॅश म्हणून जे खत घेतो ते पोटॅशियम क्लोराईड. त्याच्या वजनातला जवळजवळ निम्मा वाटा क्लोराईडचा असतो. मिठाचं पाणी लोखंडाचं जे करतं तेच हे खत करतं. युरिया हवेतली ओल ओढतो. शेणखताच्या खेपेत गोमूत्र झिरपतं, त्यातही क्षार असतात. हे सगळं गंजाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतं. वरून कितीही चांगला रंग मारा, रंगाचा थर पूर्ण पाणीबंद नसतो. आतला क्षार बाहेरची ओल ओढून घेतो, फोड उठतो आणि त्या फोडाच्या पोटात गंज वाढत राहतो.

म्हणून धुणं दोनदा. पहिल्यांदा घासायच्या आधी, भांड्याच्या साबणाने आणि ताठ ब्रशने. काळ्या रानातली माती कोपऱ्यात चिकटून ओल धरून ठेवते. ती काडीने उकरून काढा. मग तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढा. गंज निघाला की त्याच्या तळाचे खळगे उघडे पडतात, आणि क्षार तिथेच असतो. म्हणून दुसऱ्यांदा नुसत्या पाण्याने भरपूर धुवा, खळग्यांवर ब्रश फिरवत. बोअरचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्या. लगेच फडक्याने पुसून उन्हात ठेवा. उघडं लोखंड ओलं राहिलं तर तासाभरात त्यावर पिवळसर गंज धरतो.

ग्राइंडरला तारेचा कप लावून घासत असाल तर चष्मा लावल्याशिवाय नको. त्यातून सुटलेली तार डोळ्यात शिरते. गंज फारच खोल असेल, पत्रा दाबला की करकरत असेल, तर रंगाच्या मागे लागू नका. तो तुकडा कापून नवा लावून घ्या.

जुना रंग घासताना जनावरांची काळजी घ्या. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमची ट्रॉली त्याच्या आधीची असेल, किंवा कारखान्यात वापरायच्या रंगाने रंगवलेली असेल, तर त्या पापुद्र्यांत शिसं असू शकतं. वासरं रंगाचे पापुद्रे चाटतात, खातात, आणि शिशाची विषबाधा जनावराला आंधळं करून मारते. गोठ्याजवळ आणि कडब्याच्या गंजीजवळ घासू नका. खाली ताडपत्री अंथरा, पेपर ओला करून घासा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि निघालेला चुरा पिशवीत बांधून ठेवा. तो उकिरड्यावर टाकला तर खतातून पुन्हा शेतातच येतो.

घासल्यावर पत्रा तेलकट राहता कामा नये. इथं बरेच जण रॉकेल किंवा डिझेलने पुसतात. त्याचा तेलकट पदर मागे राहतो आणि त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही. स्वच्छ सुती फडकं थिनरमध्ये भिजवून पुसा, फडकं मळलं की बदला.

मग प्रायमर. साध्या लोखंडी पत्र्याला रेड ऑक्साइड चांगलं. पण ट्रॉलीचं बूड जी.आय. (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचं असेल तर थांबा. जस्ताच्या थरावर साधा ऑइलपेंट थेट मारला तर जस्त आणि रंगातलं तेल यांची क्रिया होऊन मधे साबणासारखा पदर तयार होतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. जी.आय.साठी एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर मागून घ्या. दुकानदाराला पत्रा कोणता ते आधी सांगा.

डबे किती लागतील? समजा ट्रॉली ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. बाहेरच्या चार बाजू मिळून साडेसतरा चौरस फूट, म्हणजे १.६ चौरस मीटर भरतात. ४०० मिलिलिटरच्या स्प्रेच्या एका डब्यात साधारण दीड ते दोन चौरस मीटरवर एक हात बसतो. म्हणजे बाहेरून प्रायमरचे दोन आणि रंगाचे तीन डबे धरा. आतली बाजू, बूड आणि खालची फ्रेम यांच्यावर स्प्रेचे डबे खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं ब्रशने रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर राखाडी इनॅमलचे दोन हात द्या. थर जाड बसतो, पैसे कमी लागतात, आणि पोती ओढून खरचटलं तर पुढच्या वर्षी ब्रशने तेवढंच दुरुस्त करता येतं. स्प्रेचा उपयोग बाहेरच्या दिसणाऱ्या, पाऊस झेलणाऱ्या बाजूंना.

एक मात्र सांभाळा. नुकत्याच मारलेल्या ब्रशच्या इनॅमलवर ॲक्रिलिक स्प्रे गेला तर खालचा रंग उचलून सुरकुत्या पडतात. आधी बाहेरचा स्प्रे उरकून वाळू द्या, मग आत ब्रश घाला. जुना रंग ठेवूनच वर मारणार असाल तर एका कोपऱ्यात तळहाताएवढं मारून दुसऱ्या दिवशी बघा.

झाकायच्या जागा विसरू नका: टायर, रिफ्लेक्टर, दिव्याचा प्लग, जोडणीचा गोळा आणि पिन, ग्रीस निप्पल. मागच्या दिव्याची अर्थिंगची तार फ्रेमला जिथं लागते ती जागाही चिकटपट्टीने झाका. तिथं रंग बसला तर दिवा लागत नाही आणि आपण बल्ब बदलत बसतो.

फवारणी सकाळी साडेदहाच्या पुढे आणि दुपारी तीनच्या आत. या दिवसांत पहाटे दव पडतं, लोखंड रात्रभर थंड होऊन घाम धरतं. साधी परीक्षा अशी: ओल्या फडक्याने पत्र्यावर एक पट्टा ओढा. पंधरा मिनिटांत तो पूर्ण वाळला तर हात घाला, ओलसर राहिला तर थांबा. उलट, पत्रा इतका तापला की तळहात टेकवत नाही, तर सावलीत घ्या. गरम पत्र्यावर रंग पसरायच्या आतच वाळतो आणि खरखरीत बसतो.

डबा आतली गोळी खडखड वाजायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा. अंतर एक वीत, फार तर सव्वा वीत. बटण दाबायचं ते पत्र्याच्या कडेबाहेर, मग हात सरळ रेषेत पलीकडच्या कडेबाहेर न्यायचा आणि तिथं सोडायचं. मनगट वळवलं की मधे जाड आणि कडेला पातळ बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पहिला हात इतका पातळ की खालचं प्रायमर दिसलं पाहिजे. पहिल्याच हातात झाकायला गेलात तर ओघळ येणारच. कडा, वेल्डिंगचे सांधे आणि बोल्टची भोकं यांना मात्र आधी एक जादा हात द्या, कारण कडेवर रंग पातळ होतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. दोन हातांमधे दहा-पंधरा मिनिटं. पुढचा हात किती वेळात द्यायचा ते डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून ते आधी वाचून घ्या.

डब्यातला वायू बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. चूल, बिडी, वेल्डिंग, पाणी तापवायचा बंब यांच्यापासून लांब, मोकळ्या अंगणात काम करा. तोंडाला रुमाल बांधला तर धूळ अडते, थिनरचा वास अडत नाही. कार्बनच्या फिल्टरचा मास्क घ्या आणि वारा एका बाजूने वाहील असं उभं राहा. डबे उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, ५० अंशांवर ते फुटू शकतात.

रंग कोणता? उठून दिसणारा आणि फिका. मेथी-कोथिंबीर बेळगावच्या बाजाराला नेणाऱ्यांनी काळा रंग टाळावा. पत्रा तापतो आणि पाला कोमेजतो. हात लावण्यापुरता रंग तासाभरात वाळतो, पण पुरता कडक व्हायला आठवडा जातो. तोवर खताचं पोतं, ओलं गोणपाट आणि दुधाचा कॅन ट्रॉलीत नको. बुडाच्या कोपऱ्यांत पाणी साचत असेल तर रंगाच्या आधीच ८ मिलिमीटरची दोन भोकं पाडून घ्या.

रंग वाळल्यावर चमकत्या पट्ट्या लावा: मागे लाल, पुढे पांढरी, दोन्ही बाजूंना पिवळी. उसाच्या दिवसांत रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरच्या रांगा असतात, त्यांच्या मधे आपली बुटकी ट्रॉली दिसतच नाही. हमरस्त्यावर न्यायची असेल तर आरटीओत आधी परवानगीचं विचारून घ्या. रिकामा डबा उलटा धरून वायू संपेपर्यंत दाबा, आणि भंगारात देईपर्यंत मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. तो फोडू नका, चुलीत तर कधीच टाकू नका.