लिनक्स टाकताना या चुका टाळा: "सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे ना!"

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी दर रविवारी कोणी ना कोणी जुना लॅपटॉप काखेत मारून येतो. "भाऊ, यात लिनक्स टाकून दे ना." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी दुसरी सिस्टम. माझा पहिला प्रश्न ठरलेला: फायली कुठे आहेत? उत्तरही ठरलेलं: "टेन्शन नको घेऊ, सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे."

इथेच घात होतो. मशीन अडलं की सीताबर्डीला न्यायचं, दुकानदाराने सी उडवायचा, डी तसाच ठेवायचा, अशी आपल्याला वर्षानुवर्षांची सवय. पण सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. लिनक्स मिंट किंवा उबंटू (लिनक्सचेच दोन प्रकार) यांच्या इन्स्टॉलरमध्ये 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला, की दोन्ही कप्पे जातात.

मी हे ऐकीव सांगत नाही. मामेभावाच्या डेस्कटॉपमध्ये खरोखरच दोन वेगळ्या डिस्क होत्या. इन्स्टॉलरने त्यांना 'एसडीए' आणि 'एसडीबी' म्हटलं, मी पहिलीच ती विंडोजची असणार असं धरून चाललो आणि पुतणीच्या बारशाचे फोटो पुसले. यादीत नाव नाही, आकार बघायचा: ५०० जीबीची कोणती, १ टीबीची कोणती. लगेच मशीन बंद केलं, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवलं आणि पुसलेल्या फायली शोधणाऱ्या फोटोरेक या प्रोग्रामने सापडेल ते तिसऱ्याच डिस्कवर उतरवलं. बरेच फोटो परत आले, पण मूळ नावं आणि फोल्डर गेले. वहिनी महिनाभर ते लावत बसल्या होत्या. अजूनही पंगतीत मला वाढताना त्याची आठवण निघते. ती साधी हार्ड डिस्क होती म्हणून निभावलं. एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या चिपच्या डिस्कवर, पुसलेलं परत मिळण्याची आशा फार कमी असते.

म्हणून माझ्या घरी आता एकच नियम: बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, त्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघायच्या, आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी ती डिस्क काढून टेबलावर ठेवायची. लावलेली राहिली तर तीही यादीत दिसते. शिवाय ज्या पेन ड्राइव्हवर बॅकअप, त्याच पेन ड्राइव्हवर लिनक्स चढवणारे महाभाग मी पाहिलेत. लिनक्स चढवणारं रुफस किंवा एचर तो पेन ड्राइव्ह आधी साफ करतं, बाप्पा! मोठे व्हिडिओ असतील तर बाहेरची डिस्क एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, तिच्यात ४ जीबीची फाइल मावत नाही. एक्सफॅट फॉरमॅट विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालतं.

काय काय राहून जातं? डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सी मध्येच असतात. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ज्या फायलींवर ढगाची खूण दिसते त्या लॅपटॉपवर नसतातच. कॉपी करण्याआधी त्या उतरवून घ्या. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात ईमेल असतात), टॅलीचा डेटा फोल्डर आणि त्याचा वेगळा बॅकअप, हेही घ्या. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, तेव्हा दुकानाचा हिशेब असलेल्या मशीनला हात लावण्याआधी दहादा विचार करा.

आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे जुने मराठी फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला अर्ज, आजोबांच्या आठवणी, सोसायटीचं इतिवृत्त लिनक्समध्ये उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माणसं घाबरतात, फाइल बिघडली म्हणतात. फाइल ठणठणीत असते, फॉन्ट तेवढा नसतो. ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं वाचलं जाणारं टायपिंग, नव्हेत, त्यामुळे अक्षर फॉन्टवरच अवलंबून. विंडोज जिवंत असतानाच अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे वाचता तरी येईल. पुढे दुरुस्त्या करायच्या असतील तर फॉन्टच्या फायलीही सोबत घ्या किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

काही लॅपटॉपमध्ये मालकाला पत्ताही नसताना बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, सुरू असतो. मग लिनक्समधून डिस्क उघडायला गेलं की किल्ली मागते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बदलली तर विंडोजही तीच ४८ आकड्यांची किल्ली मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आधीच कागदावर उतरवा.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलं आणि विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिताच येत नसेल, तर कारण बहुधा फास्ट स्टार्टअप. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. विंडोजमध्ये जाऊन ते काढा, मग शिफ्ट दाबून शटडाउन करा. अशा शेजार-मांडणीत कप्प्याचा आकार बदलत असताना वीज गेली तर दोन्हीकडचं जाऊ शकतं. जूनमधल्या वादळात आमच्याकडे दिवे कसे जातात ते सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी दम धरत नसेल किंवा डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आभाळ बघूनच बसा.

फायली परत आणल्यावरही एक गोष्ट. मिंटमधलं टाइमशिफ्ट सुरू केलं म्हणजे फोटोंचा बॅकअप झाला असं समजू नका. ते सिस्टमच्या फायली जपतं. तुमच्या स्वतःच्या फायलींचं होम फोल्डर, आपणहून सांगितल्याशिवाय, घेत नाही. आणि लिनक्समध्ये पेन ड्राइव्हवर कॉपी 'झाली' दिसली तरी लिहिणं मागे चालू असू शकतं. 'इजेक्ट' दाबा, काढायला हरकत नाही असं येऊ द्या, मगच ओढा.