बाइटकोड सुधारताना या चुका टाळा

नांदेडला शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट बघताना एक गोष्ट सारखी दिसते. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’ असे शब्द घेऊन मुलं स्वतःची छोटी भाषा करतात आणि ती चालतेही. त्या भाषेतला प्रोग्राम कंपायलर आधी छोट्या सूचनांच्या यादीत, म्हणजे बाइटकोडमध्ये बदलतो आणि इंटरप्रिटर त्या सूचना एकेक करून चालवतो. पण इंटरप्रिटरचा मुख्य लूप उघडला की एकेका ऑपकोडच्या (सूचनेच्या प्रकाराच्या) पोटात अटींची रांग लागलेली असते. गती वाढवायची म्हणून मग त्या लूपमध्येच आणखी अटी घातल्या जातात. मोठी चूक हीच. जे कंपायलर एकदाच ठरवू शकतो ते लूपवर सोडूच नका.

मोंढ्यातल्या सोयाबीनच्या पोत्यांची बेरीज करणारं फंक्शन घ्या. त्यातलं ‘वजन’ हे व्हेरिएबल प्रत्येक पोत्यामागे डिक्शनरीत नावाने कशाला शोधायचं? कंपायल होतानाच त्याला क्रमांक द्या. मग लूपला अ‍ॅरेतून किंमत उचलण्यापलीकडे काम उरत नाही.

सूचनांची लांबीही एकसारखी ठेवा. पायथनने 3.6 मध्ये (2016) प्रत्येक सूचना दोन बाइटची केली. आधी काही एका बाइटच्या, काही तीन बाइटच्या होत्या. मात्र ऑपरंड, म्हणजे सूचनेसोबतचा आकडा, एका बाइटचा झाला की 255 ही मर्यादा येते. ती तपासली नाही तर 256 क्रमांकाचा स्थिरांक गुपचूप शून्य क्रमांकाचा होतो. एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. मोठ्या आकड्यासाठी त्या सूचनेच्या आधी, आकड्याचा उरलेला भाग सांगणारी जोडसूचना घाला.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या उड्या, म्हणजे जंप. नको असलेली एक सूचना काढली की तिच्यापुढच्या सगळ्यांच्या जागा सरकतात, आणि जंपमध्ये जुनाच पत्ता राहतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: छोटे प्रोग्राम नीट चालतात, आणि ‘जोवर’च्या आत ‘जर’ आला की रिकाम्या स्टॅकवर (तात्पुरत्या किमतींच्या ढिगावर) पॉप होतो, म्हणजे नसलेली किंमत उचलली जाते. म्हणून शेवटपर्यंत पत्ते भरूच नका, लेबलं, म्हणजे त्या जागांची नावं ठेवा. सगळी काटछाट संपल्यावर पत्ते मोजून भरा. त्यातही एखादं अंतर 255 पलीकडे गेलं तर जोडसूचना घुसते आणि बाकीची अंतरं पुन्हा बदलतात. काहीच बदलत नाही तोवर हिशेब परत करा. दोन सूचनांची एक करताना दुसरीवर कुठून उडी येते का हेही बघा. येत असेल तर ती जोडी तशीच राहू द्या. शिवाय प्रत्येक लेबलाशी, कुठल्याही वाटेने आलं तरी, स्टॅकची खोली सारखीच हवी. ही तपासणी कंपायलरमध्ये घातली तर यातल्या बऱ्याच चुका प्रोग्राम चालण्याआधीच सापडतात.

स्थिरांकांची आकडेमोड आधीच उरकताना ‘10 / 0’ला हात लावू नका. ती ओळ कदाचित कधीच चालणार नाही, आणि चाललीच तर एरर तेव्हाच यायला हवी. ‘क्ष * 0’च्या जागी सरळ शून्य ठेवणंही चूक, कारण क्ष नॅन (‘हा आकडाच नाही’ असं सांगणारी किंमत) असू शकतो किंवा तिथे छापणारं फंक्शन असू शकतं.

दिसेल त्या सूचनांच्या जोडीला नवा ऑपकोड देण्याचा मोहही आवरा. पायथन 3.11 ने (2022) बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे वेगवेगळे ऑपकोड एकत्र केले आणि जलद आवृत्ती निवडण्याचं काम प्रोग्राम चालतानावर सोपवलं. कंपायलर त्यामुळे सोपा राहतो. आधी मोजा, मग वाढवा.

चूक सापडत नसेल तर डिसअसेंबलर, म्हणजे बाइटकोड वाचता येईल असा छापणारा प्रोग्राम लिहा. पायथनचं ‘डिस’ मॉड्यूल नमुन्याला चांगलं आहे. सुधारणा बंद करून आणि चालू करून तेच टेस्ट चालवा, दोन्ही उत्तरं जुळवा. एररमधला ओळ क्रमांकही जुळवा, कारण सूचना सरकल्या की कुठली सूचना कुठल्या ओळीतली हे सांगणारा तक्ता बिघडतो. बाइटकोड फाइलमध्ये साठवत असाल तर तिच्या सुरुवातीला आवृत्ती क्रमांक लिहा आणि ऑपकोड बदलला की तो बदला. नाहीतर नवा इंटरप्रिटर जुनी फाइल चालवत राहतो आणि तुम्ही बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसता.