आखेनहून दिसणारे तीन देश

युरोपात शिकायला निघालेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'कोणता देश चांगला?' मग रँकिंगचे तक्ते, पगाराचे आकडे, यूट्यूबवरचे व्हिडिओ. मी जर्मनीतल्या आखेनला एमएस केलं आणि आता सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या बाजूला नोकरी करतो. ऑफिसातले काही सहकारी रोज बेल्जियमहून येतात. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला देशाच्या नावात देता येत नाही. तिथला डॉक्टर, घरमालक आणि पगाराची स्लिप कशी चालते, एवढं मात्र सांगता येतं.

आखेन हे तुलनेसाठी आयतं गाव आहे. शहरातून बस पकडली की थोड्या वेळात फाल्स येतं, म्हणजे नेदरलँड्स. दुसऱ्या दिशेला केल्मिस, म्हणजे बेल्जियम. तिन्ही सीमा फाल्सजवळच्या टेकडीवर एकत्र येतात. टेकडी जेमतेम 322 मीटरची, पण नेदरलँड्सच्या युरोपातल्या मुख्य भूमीवर तीच सगळ्यांत उंच! सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हसू आवरत नाही.

आल्या आल्या फरक कळतो तो रविवारी. आखेनमधली दुकानं रविवारी बंद असतात. हा काही दुकानदारांचा आळस नव्हे. 1919च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या जर्मन राज्यघटनेत जसंच्या तसं घेतलेलं आहे. मग दूध-भाजी विसरलेले लोक कुठे जातात? फाल्सला. तिथली सुपरमार्केट उघडी असतात आणि पार्किंगमध्ये जर्मन नंबरप्लेटांची रांग असते. कॉफीही तिकडूनच येते, कारण जर्मनी भाजलेल्या कॉफीवर किलोमागे 2.19 युरो वेगळा कर लावते. पेट्रोलचं उलटं: डच करामुळे तिकडचे लोक टाकी भरायला इकडे येतात.

नवख्यांना खरा धक्का बसतो तो आजारपणात. खोकला एकच, व्यवस्था तीन. जर्मनीत तुम्ही सरकारी चौकटीतल्या एखाद्या 'क्रांकनकासं'चे, म्हणजे आरोग्य विमा संस्थेचे, सभासद होता. नोकरदाराचा हप्ता पगाराच्या टक्केवारीत कापला जातो आणि जवळपास निम्मा कंपनी भरते. कार्ड दाखवायचं, डॉक्टरला भेटायचं, खिशात हात घालायची वेळ सहसा येत नाही. नेदरलँड्समध्ये मूळ विमा खासगी कंपनीकडून घ्यावा लागतो, तोही सक्तीने. पगार कितीही असो, त्याच पॉलिसीला हप्ता तोच, आणि कमी उत्पन्नवाल्यांना सरकार भत्ता देतं. वर वर्षाचे पहिले 385 युरो तुमच्या खिशातून. मात्र फॅमिली डॉक्टरच्या भेटीला ही अट लागत नाही, म्हणून सगळं त्याच्याच दारातून सुरू होतं. थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही आणि साध्या तापाला 'पॅरासिटामॉल घ्या, आराम करा' हेच ऐकायला मिळतं. पुण्यात तापाला दोन इंजेक्शनं आणि पाच गोळ्या घ्यायची सवय असलेल्यांना हा अपमान वाटतो. मला आता त्यात शहाणपण दिसतं. बेल्जियममध्ये बहुतेकदा डॉक्टरचे पैसे आधी तुम्ही देता, मग तुमची म्युच्युअल संस्था (आरोग्य विमा सांभाळणारी सभासदांची संस्था) त्यातला मोठा भाग परत करते.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. नेदरलँड्समध्ये फक्त शिकत असाल तर खासगी स्टुडंट विमा सहसा चालतो. पार्टटाइम नोकरी लागली की डच मूळ विमा बंधनकारक होतो. हे न पाहता कॅफेत काम धरणारे बरेच जण नंतर दंडाची पत्रं वाचत बसतात.

आजारी पडल्यावर कामाचं काय? जर्मनीत मालक सहसा सहा आठवडे पूर्ण पगार देतो आणि तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला लागतो. नेदरलँड्समध्ये मालक दाखला मागू शकत नाही. फोन करून 'आजारी आहे' म्हटलं की झालं, पुढचं कंपनीने नेमलेला डॉक्टर बघतो. पण आजार लांबला तर मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान 70 टक्के पगार द्यावा लागतो. छोट्या डच कंपन्या कायमचं कंत्राट द्यायला का कचरतात, याचं एक कारण इथे आहे. मुलाखतीत 'वर्षभराचं कंत्राट, मग बघू' असं ऐकलं तर ते तुमच्या कामाबद्दलचं मत समजू नका.

महागाईचा फरक तर मला राजकारणाच्या बातम्यांपेक्षा सहकाऱ्यांच्या गप्पांतून कळला. बेल्जियममध्ये पगार महागाईच्या निर्देशांकाला आपोआप बांधलेले असतात. ऊर्जेचे दर भडकल्यानंतर जानेवारी 2023 मध्ये तिथल्या ऑफिस कर्मचाऱ्यांच्या सगळ्यात मोठ्या गटाला एकदम 11.08 टक्के वाढ मिळाली, संप नाही, घासाघीस नाही. जर्मनीत अशी वाढ कामगार संघटना वाटाघाटीने मिळवतात, म्हणूनच सकाळी स्टेशनवर पोचल्यावर 'इशारा संप' हा प्रकार अधूनमधून भेटतो. नेदरलँड्समध्ये किमान वेतन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, सुधारतं. बाकीच्यांचं कंपनीवर किंवा सामूहिक करारावर. शिवाय मे महिन्यात वार्षिक पगाराच्या 8 टक्के 'सुट्टीचा भत्ता' येतो. ऑफर लेटरमधला वार्षिक आकडा हा भत्ता धरून आहे की सोडून, हे विचारून घ्या.

सरकारं कशी चालतात हेही बघण्यासारखं आहे. 2010-11 मध्ये बेल्जियम 541 दिवस पूर्ण अधिकाराच्या सरकारविना चाललं. तरी बस येत होत्या आणि पगार होत होते, कारण बराचसा कारभार प्रदेश आणि भाषिक समुदायांकडे आहे. आखेनला लागूनच्या बेल्जियममधल्या ऑयपेनमध्ये तर जर्मन बोलणाऱ्या समुदायाची स्वतःची संसद आहे. डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात 150 जागा आणि दीडशेव्या हिश्श्याइतकी मतं मिळाली की प्रवेश, म्हणून डझनाहून अधिक पक्ष. 2021च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला 299 दिवस लागले. जर्मनीत संसदेत यायला किमान 5 टक्के मतांची अट आहे, त्यामुळे पक्ष कमी. पण तिथलंही आघाडी सरकार नोव्हेंबर 2024 मध्ये बजेटच्या भांडणात कोसळलंच. या घडामोडी परदेशी माणसाला लांबच्या वाटतात, पण प्रत्येक नव्या सरकारच्या करारात स्थलांतर, परदेशी विद्यार्थी आणि त्यांच्या करसवलती यांवर काहीतरी असतंच. परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणारी डच '30 टक्के' करसवलत 2027 पासून 27 टक्के होते आहे, ती अशाच खेचाखेचीतून.

फीचं थोडक्यात: आखेन ज्या राज्यात आहे तिथे सरकारी विद्यापीठात ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क. त्याच जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तला गेलात तर आपल्यासाठी वर्षाची फी दहा हजार युरोंच्या वर जाते.

आखेनमध्ये खोली मिळेना म्हणून कुणी फाल्सला राहायचा सल्ला देईल. युरोपीय विद्यार्थी तसं राहतातही. भारतीय पासपोर्टवर हे गणित वेगळं आहे. जर्मन परमिटवर इतर शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या) देशांत 180 दिवसांतले 90 दिवस फिरता येतं, घर करून राहता येत नाही. आणि सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे कांदे आणायला जाताना सुद्धा पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड खिशात हवं. आपल्या चेहऱ्याच्या माणसाला बसमध्ये विचारणा जास्त होते, हे मी पाहिलेलं आहे.

नोकरीसाठी देश बदलताना पगाराच्या आधी हे तपासा: नागरिकत्वाची वर्षं नव्या देशात पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. युरोपीय ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा परवाना) काही अटींसह वेगवेगळ्या देशांतली वर्षं दीर्घकालीन निवासासाठी जोडता येतात, साध्या वर्क परमिटवर तसं होत नाही. पेन्शनचं मात्र बरं आहे. या तिन्ही देशांतली भरणा केलेली वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरली जातात, आणि भारताचे बेल्जियमशी 2009, नेदरलँड्सशी 2011 आणि जर्मनीशी 2017 पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहेत. त्यासाठी प्रत्येक देशाचा विमा क्रमांक आणि वर्षअखेरीचं पगारपत्रक जपून ठेवा. कंपनी सोडल्यावर तिच्या पोर्टलचा पासवर्ड बंद होतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यातच सगळं उतरवून घ्या.