नवी गाडी चिखलात घालण्याआधी

नवी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) दारात आली की हात शिवशिवतात, पण पहिले हजारेक किलोमीटर तिला डांबरी रस्त्यावरच ठेवा. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. शेजाऱ्याच्या सल्ल्याआधी तो वाचा.

सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम बारीक चरे ठेवलेले असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून नीट बसल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, धरतं आणि इंजिन तेल पीत नाही. त्या बसायला थोडा भार लागतो. म्हणून गाडी फार जपून, रांगत चालवणंही मला पटत नाही. मध्यम चढ घ्या, वेग आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सतत बदलत राहा. एकाच वेगात तासभर हायवे नको, पूर्ण ॲक्सिलरेटर नको, वरच्या गिअरमध्ये धापा टाकत ओढणं तर मुळीच नको. थंड इंजिन रेमटवू नका. उभ्या गाडीत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणंही टाळा.

चिखलात गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरांत, चालवावी लागते. तिथे वेग कमी, भार जास्त आणि हवेचा झोत नावापुरता; उष्णता साचते. नव्या इंजिनाला हेच सोसत नाही. डिफरन्शियलचे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारे, गिअरही याच काळात बसतात, ब्रेक पॅडही.

तेलाची पट्टी दर आठवड्याला बघा, सुरुवातीला पातळी थोडी उतरू शकते. पहिल्या सर्व्हिसनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावून आवळणाऱ्या पान्याने) तपासा, गाडीखाली वाकून गळती पाहा. मग आधी कोरडी मातीची वाट, चिखल त्यानंतर.